पेडलच्या बॉक्सची भोकं नेमकी जागेवर कशी पाडायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२५बी साइजच्या अ‍ॅल्युमिनियम बॉक्समध्ये तीन पॉटचा (पॉट म्हणजे नॉबने फिरवायचा पोटेन्शिओमीटर) ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा गिटारचा पेडल, बसवताय, पॉट पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, आधीच सोल्डर झालेत, घरच्या हँड ड्रिलने भोकं पाडली आणि आता दोन पॉट आरामात आत जातात पण तिसरा भोकाच्या कडेला अडतो. तर यावर उपाय म्हणून ड्रिल प्रेस घ्यावा का?

माझ्या मते नको, निदान एवढ्यासाठी तरी नको. ड्रिल प्रेस असला तर काम सुखाचं होतं हे खरं, पण तुमचं भोक सरकलं ते हँड ड्रिलमुळे नाही. हिशोब करून बघा, या डायकास्ट बॉक्सची वरची भिंत साधारण २ मिमी जाड असते. तुमचा हात ५ अंश तिरका झाला, आणि ५ अंश म्हणजे डोळ्याला सहज दिसेल एवढा तिरकेपणा झाला, तरी २ मिमी आरपार जाताना भोकाचा मध्य पाव मिमीसुद्धा हलत नाही, ०.१७ च्या आसपास हलतो. मग तिसऱ्या पॉटला अडवणारा एक-दीड मिमीचा फरक येतो कुठून? तो ड्रिल चालू व्हायच्या आधीच आलेला असतो: टेम्प्लेट, म्हणजे भोकांच्या जागा दाखवणारा छापील कागद, चुकीच्या स्केलवर छापलं गेलं, कागद जरासा तिरका चिकटला, पंच (बिटला जागा दाखवणारा खड्डा पाडायचं टोकदार अवजार) रेघेच्या बाजूला पडला, नाहीतर पंच उथळ होता म्हणून बिट सुरुवातीलाच घसरला. म्हणून बॉक्सला तासभर देणार असाल तर त्यातला मोठा भाग मार्किंग आणि पंचिंगला द्या, ड्रिलिंग ही त्यामानाने पटकन होणारी गोष्ट आहे.

आधी हे समजून घ्या की आपल्याला चुकायला जागा किती आहे. नेहमीच्या १६ मिमी पॉटची मान, म्हणजे आटे असलेला भाग, ७ मिमीचा असतो. भोक ७.५ चं पाडलं तर पॉट कुठल्याही दिशेला ०.२५ सरकू शकतो, म्हणजे दोन पॉटमधल्या अंतरात साधारण अर्धा मिमी चूक खपून जाते. भोक ८ चं केलं तर १ मिमीपर्यंत खपते, आणि वरचा वॉशर भोकापेक्षा बराच मोठा असल्याने बाहेरून काही दिसत नाही, वर परत नॉब येतोच. वायरने जोडलेल्या पॉटसाठी ७ किंवा ७.५ चालेल, पण पीसीबीवर बसवलेले पॉट असतील तर मी सरळ ८ चं भोक पाडायला सांगतो, त्यात कमीपणा काही नाही. बाकी भागांची मापं म्हणाल तर फूटस्विच १२, बाहेरून नट लागणारा प्लॅस्टिकचा डीसी जॅक बहुतेक १२, गिटारच्या केबलचा ओपन फ्रेमवाला ६.३५ चा जॅक ९.५ ते १०, मिनी टॉगल ६ ते ६.५, आणि ५ मिमी एलईडीचा बेझल, म्हणजे तिच्याभोवतीची कडी, साधारण ८. पण ही मापं माझ्याकडच्या पार्टची आहेत, तुमच्या हातातल्या पार्टला व्हर्नियर लावा आणि आलेल्या आकड्यात पाव ते अर्धा मिमी मिळवा, कारण एकाच दुकानातून वेगवेगळ्या वेळी आणलेल्या डीसी जॅकचं मापसुद्धा वेगळं निघतं. पार्ट हातात येईपर्यंत बॉक्सला हात लावायचा नाही हे पक्कं धरा.

आता टेम्प्लेट. छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'पानात बसवा' असं काही चालू असेल तर ते बंद करून शंभर टक्के किंवा अ‍ॅक्चुअल साइज ठेवा. टेम्प्लेटवर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर दोन्ही स्टीलच्या पट्टीने मोजा, आडवी बरोबर आली म्हणजे उभी बरोबर येईलच असं नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापत असाल तर तिथेच उभं राहून मोजा. ९७ टक्क्यांवर छापलं गेलं तर ५० मिमी अंतरात दीड मिमी फरक पडतो आणि तो कागदाकडे नुसतं बघून कळत नाही. तुमचा तिसरा पॉट अडतोय ना, मला पहिला संशय याचाच आहे, ते जुनं टेम्प्लेट फेकलं नसेल तर आत्ता मोजून बघा.

अधिक चिन्हासारखं पाच बाजूंचं एकत्र टेम्प्लेट मिळतं, बॉक्सवर घडी घालून चिकटवायचं. मला ते पटत नाही. डायकास्ट बॉक्स साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या बाजू थोड्या उतरत्या असतात, झाकणाकडे, म्हणजे खाली, बॉक्स रुंद आणि वरच्या तोंडाकडे, म्हणजे पॉट बसतात त्या बाजूला, अरुंद, शिवाय कडा गोलसर. त्यामुळे कागदाची घडी नेमकी कडेवर बसत नाही आणि एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूला जातो. प्रत्येक बाजूचा कागद वेगळा कापा आणि प्रत्येक बाजू तिच्या स्वतःच्या मध्यरेषेवर जुळवा. याच कारणाने डेटाशीटमधलं बाहेरचं माप, १२५बी असेल तर साधारण १२१ बाय ६६, त्याला दोनाने भागून मध्य काढायचा नाही, कारण ते माप जिथे घेतलंय तिथे तुम्ही ड्रिल करतच नाही.

मध्यरेषा काढायची माझी पद्धत सांगतो. वरच्या तोंडाला पूर्ण मास्किंग टेप लावायची, बुडबुडा न ठेवता. जुना स्वस्तातला व्हर्नियर अंदाजे अर्ध्या रुंदीवर लॉक करायचा, अगदी बरोबर अर्धा असायची गरज नाही. त्याचा एक जबडा डाव्या भिंतीला टेकवून दुसऱ्याच्या टोकाने टेपवर बारीक ओरखडा, मग तसाच उजव्या भिंतीला टेकवून दुसरा ओरखडा. दोन ओरखडे एकमेकांपासून थोडे लांब पडतात आणि खरा मध्य त्यांच्या बरोबर मधे. हेच खालच्या टोकाला, मग दोन बिंदू जोडून एक रेघ. ही रेघ बॉक्सची खरी मध्यरेषा, कारण दोन्ही भिंतींकडून आली आहे. तोंडाच्या लांबीचा मध्य पण असाच काढायचा. आता कागदावरची मध्यरेषा या रेघेवर बसवायची, त्यासाठी कागदाची वरची आणि खालची कड मध्यरेषेशी छोटा व्ही कापून ठेवला की खालची रेघ त्यातून दिसते. कागद ग्लू स्टिकने चिकटवा, फेव्हिकॉलने कागद ओला होऊन ताणला जातो.

पंच मारण्याआधी एक गोष्ट नक्की करा. कागदावरच्या प्रत्येक फुलीच्या दोन्ही रेघा कटरच्या टोकाने, पट्टी लावून, हलक्या हाताने कोरून घ्या, इतक्या की टेपच्या खाली धातूला किंचित ओरखडा जाईल. मग टोकदार पंच, ६० अंशाचा बारीक टोकवाला, एका रेघेत ठेवून हळूहळू ओढत आणायचा आणि दुसरी रेघ आडवी आली की टोक तिथे अडकल्याचं बोटाला कळतं, अगदी टच्च. डोळ्यापेक्षा बोट इथे जास्त खरं सांगतं. पंच उभा करून हातोडीचा एकच हलका ठोका. मग कागदाकडे मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, खड्डा फुलीच्या बरोबर मधे आहे का. नसेल तर पंच उलट दिशेला तिरका धरून खड्डा ओढून आणता येतो, पण तो खड्डा लहान असतानाच, म्हणून पहिला ठोका हलका. सगळे खड्डे पटले की ९० अंशाच्या सेंटर पंचने खोल करा. स्प्रिंगवाला ऑटोमॅटिक पंच या दुसऱ्या ठोक्याला छान आहे, पहिल्याला नको, सुटताना उडी मारतो. आणि पंच मारताना बॉक्सच्या आत लाकडाचा ठोकळा बसता असायला हवा, नाहीतर भिंत पोकळ वाजते आणि खड्डा धड पडत नाही. हा ठोकळा सुताराकडून आतल्या मापाचा एकदा करून घ्या, कोपऱ्यातल्या स्क्रूच्या खांबांसाठी कोपरे कापून, तो पुढे ड्रिलिंगलाही लागतो.

खड्डा बिटच्या टोकापेक्षा रुंद का हवा हे पण सांगतो. साध्या ट्विस्ट ड्रिलच्या अगदी टोकाला अणी नसते, छिन्नीसारखी एक आडवी धार असते, ती कापत नाही, घासते, आणि घासता घासता पकड मिळेल तिकडे पळते. बिट जेवढा जाड तेवढी ही धार मोठी. म्हणून सुरुवात २ किंवा २.५ मिमीच्या बिटने. लेथवाले वापरतात तो सेंटर ड्रिल मिळाला तर फारच उत्तम, तो आखूड आणि जाडजूड असल्याने वाकत नाही. लांब बारीक बिट असेल तर चकमध्ये जास्तीत जास्त आत ढकलून अगदी थोडा बाहेर ठेवा.

सगळी पायलट, म्हणजे पहिली बारीक, भोकं झाली की थांबायचं आणि मोजायचं. दोन सारख्या व्यासाच्या भोकांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर काढायला मध्य शोधत बसू नका, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच अंतर असतं. ते पीसीबीवरच्या पॉटच्या अंतराशी ताडून बघा. एखादं भोक अर्धा मिमी सरकलेलं दिसलं तर घाबरू नका, अडीच मिमीच्या भोकाला सुईसारखी गोल कानस घालून ज्या बाजूला न्यायचंय ती बाजू खा, भोक लांबट होईल पण त्याचा मध्य जागेवर येईल, मग एक पायरी मोठा बिट हळू घाला. भोक लहान आहे तोपर्यंतच ही दुरुस्ती सोपी असते, ८ मिमी झाल्यावर नाही.

मोठं करायला स्टेप ड्रिल, ज्याला बरेच जण युनिबिट म्हणतात, तोच घ्या. पातळ पत्र्यात १० किंवा १२ चा साधा ट्विस्ट ड्रिल घातला की टोक आरपार निघून जातं आणि बाजूच्या धारांना अजून आधार मिळालेला नसतो, मग बिट भोकात नाचतो आणि भोक गोल न होता तिकोनी होतं, आणि आरपार होताना तो स्क्रूसारखा आत खेचला जाऊन बॉक्स हातातून गरकन फिरवतो. स्टेप ड्रिलमध्ये आधीच्या पायरीचं भोकच पुढच्या पायरीला वाट दाखवतं, म्हणून मध्य हलत नाही. घेताना एकच बघा, स्वस्तातल्या तीनच्या सेटमध्ये बहुतेक दोन-दोन मिमीच्या पायऱ्या असतात, ४, ६, ८, १०, १२ अशा, आपल्याला एक-एक मिमीच्या पायऱ्यांचा ४ ते १२ वाला हवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल, पॉट, जॅक आणि स्विच लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पार्टसाठी पासोड्या विठोबाजवळची दुकानं. ज्या पायरीवर थांबायचंय तिच्या वरच्या पायरीला मार्करने रंग किंवा टेपची पट्टी लावून ठेवा, कारण जोर दिलेला असतो आणि एक पायरी जास्त जायला क्षणसुद्धा लागत नाही.

स्पीडबद्दल: बारीक बिट फास्ट, मोठा बिट स्लो. अ‍ॅल्युमिनियमला ३ मिमीसाठी ३००० आरपीएमसुद्धा चालतं पण १२ च्या पायरीला हँड ड्रिल हळूच चालवा, ट्रिगर अर्धवट दाबून. पायलट कोरडे पाडा कारण तेल लागलं की कागद सुटतो आणि शाई पसरते. पायलट मोजून झाले की कागद काढा, टेप राहू द्या, आणि मोठं करताना डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेलचे दोन थेंब टाका, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटून बसतं आणि मग बिट कापायचं सोडून ओरबाडायला लागतो. बॉक्स हातात धरून ड्रिल करू नका, व्हाइसमध्ये किंवा टेबलाला क्लॅम्प करून, चष्मा लावून, हातमोजे काढून, कारण फिरत्या बिटमध्ये हातमोजा अडकला तर बोट सोबत जातं. चुरा ब्रशने झाडा, फुंकू नका.

बाजूच्या भिंतींना, म्हणजे जॅकसाठी, दोन गोष्टी वेगळ्या. पहिली, भिंत उतरती असल्याने बॉक्स आडवा ठेवला की ड्रिल करायची बाजू सपाट राहत नाही, खालून कागदाची घडी किंवा पातळ पट्टी सरकवून ती लेव्हल करा. दुसरी, झाकण काढलेला बॉक्स व्हाइसमध्ये आवळला तर भिंती आत दबतात, म्हणून आत ठोकळा घाला नाहीतर झाकण लावूनच ड्रिल करा. जागा ठरवताना लक्षात ठेवा की झाकणाला आत जाणारी एक कड असते, त्यामुळे जॅक फार खाली घेतला तर त्याचा नट किंवा वॉशर तिला अडतो. समोरासमोर दोन जॅक असतील तर प्लग घालून बघा, कारण प्लगचं टोक जॅकच्या पत्तीच्या पुढे येतं आणि पॉटच्या पाठीला किंवा दुसऱ्या जॅकला टेकू शकतं. १५९०बी या लहान साइजच्या बॉक्समध्ये तर जागा इतकी कमी असते की दोन जॅक थोडे वर-खाली घ्यावेच लागतात. मी वरच्या तोंडाची भोकं पूर्ण करून, पॉट, पीसीबी आणि स्विच आत बसवून, मगच जॅकची जागा मार्क करतो.

वरून बघताना इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे, ही रीत पाळा. आणि आतून मोजमाप घेऊन बाहेर मार्क करत असाल तर डावं-उजवं उलटं होतं हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, सगळ्यात जास्त बॉक्स इथे वाया जातात.

आता सोल्डरिंगचा क्रम, ज्याच्यात तुमची खरी अडचण आहे. पॉट आधी पीसीबीवर सोल्डर करू नका. पॉट बॉक्समध्ये घाला, नट हाताने लावा, वरून पीसीबी पॉटच्या पायांवर बसवा, सगळं मोकळेपणी बसतंय बघा, मग नट १० च्या पान्याने आवळा आणि त्यानंतर पाय सोल्डर करा. बॉक्सच इथे फिक्श्चरचं, म्हणजे पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचं, काम करतो, भोकांमधली उरलीसुरली चूक पायांच्या आणि पॅडच्या मोकळ्या जागेत सामावते आणि पीसीबीवर ताण राहत नाही. जोर लावून बसवलेला पॉट काही महिन्यांनी सोल्डर जॉइंट तोडतो आणि पेडल खरखरायला लागतो, मग माणूस कपॅसिटर बदलत बसतो. एलईडीचंही तेच, लांबी बॉक्समध्ये ठरवून मगच सोल्डर. पॉटच्या अंगावर जी छोटी उभी पत्ती असते ती पक्कडने मोडून टाका, पीसीबीवर बसलेला पॉट तसाही फिरत नाही.

तुमच्या सध्याच्या बॉक्ससाठी: अडणाऱ्या पॉटचे तीन पाय डिसोल्डर करायला जमत असेल तर तेच करा आणि वरच्या क्रमाने परत बसवा. ते नको असेल तर पॉट कुठल्या कडेला अडतोय त्या कडेला मार्करने खूण करा आणि गोल कानशीने फक्त तीच कड खा, एका दिशेने ढकलत, मधून मधून बसवून बघत. मिमीभर खाल्लं तरी वॉशरखाली झाकलं जातं. दीड मिमीच्या वर गेलं तर मोठा वॉशर घ्या.

बर काढणं विसरू नका. भोकाच्या आतल्या बाजूला जी धारदार किनार उरते ती राहिली तर नट नीट बसत नाही आणि थोड्या दिवसांत सैल होतो, वायर तिथे घासली तर कापली पण जाते. मोठा काउंटरसिंक बिट हातानेच दोन-तीन वळसे फिरवला की काम होतं, मशीनला लावला तर हवं त्यापेक्षा जास्त खातो.

बॉक्स पावडर कोटेड असेल तर दोन्ही बाजूंनी टेप लावून स्टेप ड्रिल हळू चालवा, कोट उडत नाही. पण पावडर कोट वीज वाहू देत नाही आणि काही बॉक्सना तो आतूनही असतो, त्यामुळे निदान एका जॅकच्या भोकाभोवती आतून तो खरवडून उघडा धातू काढा आणि तिथे दातेरी वॉशर लावा. बॉक्स जॅकच्या स्लीव्हमधून, म्हणजे त्याच्या ग्राउंडच्या भागातून, ग्राउंड झाला तरच शिल्डिंग, म्हणजे बाहेरच्या आवाजापासून आडोसा, मिळतं, नाहीतर गेन वाढवला की ट्यूबलाइटची आणि अडॅप्टरची घरघर सगळी आत येते. याच्याच उलट डीसी जॅकचं: पेडलच्या नेहमीच्या ९ व्होल्ट सप्लायमध्ये मधली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची बाजू पॉझिटिव्ह असते, म्हणून धातूच्या बॉडीचा डीसी जॅक ग्राउंड झालेल्या बॉक्सला टेकला की सरळ शॉर्ट. तिथे प्लॅस्टिकचाच जॅक घ्या आणि त्याचं भोक १२ चं पाडायला कंटाळू नका.

एकच डिझाइन चार-पाच जणांसाठी करायचं असेल तर प्रत्येक वेळी कागद चिकटवत बसू नका. ३ मिमी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याची प्लेट लेझर कटिंगवाल्याकडून करून घ्या, भोसरी, वसई, अंबड अशा कुठल्याही एमआयडीसीत होते, ड्रॉइंग डीएक्सएफ या कॅड फाइलमध्ये द्यायचं आणि सगळी भोकं एकाच मापाची, ३ मिमीची, ठेवायची. प्लेटच्या दोन लगतच्या कडांना खाली वळलेल्या पट्ट्या लावून घ्या म्हणजे ती बॉक्सच्या त्याच दोन भिंतींना टेकून दरवेळी एकाच जागी बसेल. मग प्लेट क्लॅम्प करायची, ३ चा बिट प्लेटच्या भोकातून सरळ खाली, आणि पुढे स्टेप ड्रिल. थ्रीडी प्रिंट केलेली प्लेटही चालते पण तिच्यातून फक्त पंच मारा, ड्रिल चालवलं तर प्लॅस्टिकचं भोक लवकर मोठं होतं आणि नंतरचे बॉक्स हळूहळू चुकत जातात.